उन्हाशी वाकडं

प्रयोगशाळेतल्या त्या तरुणाने तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. ती उठली आणि थेट कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

"काच बंद आहे हो," तो म्हणाला. "आमच्या दिव्याचे अतिनील किरण काचेतून येत नाहीत."

"तुमच्या दिव्याचे नसतील. उन्हातले येतात... थोडे. पण मला पुरतात."

त्याचे कान लाल झाले. दिवसभर दिव्यापाशी काम करून तो सूर्यालाच विसरला होता!

"घ्या! म्हणे इथे सगळे हुशार असतात," तिच्यासोबत आलेली मावशी पुटपुटली. भाचीला हसू आवरेना.

लहानपणापासून तिचं उन्हाशी वाकडं. जरा ऊन लागलं की कातडी भाजायची, डाग उठायचे. घरात बसूनच ती कपडे शिवायची. डॉक्टरांनी आता तिच्या दंडाची कणभर कातडी काढली होती. त्यातल्या पेशी वाढवून त्यांच्यावर किरण सोडायचे, हे त्याचं काम.

मग तो किरण मोजायचं यंत्र घेऊन घरी आला, प्रत्येक खिडकीशी उभा राहिला. पुन्हा आला. पुन्हा...

"खिडक्या काय रोज वाढतात का हो?" मावशीने विचारलं.

त्याच दिवशी त्याने तिला लग्नाचं विचारलं. तिने हातातली शिवण बाजूला ठेवली. "निकाल येऊ द्या. पेशी सावरणाऱ्या नसतील, तर मी कुणाला अडकवणार नाही."

निकाल सांगायला तो स्वतः आला. मावशी बाहेर थांबली.

"किरणांनी डीएनए बिघडला की पेशी हाक देते. दुरुस्तीची एन्झाइमं वाढतात, खराब तुकडा कापतात, नवा भरतात. काम झालं की पुन्हा कमी होतात."

"आणि माझ्यात?"

"हाक जाते. सगळी जमतात... पण कापणारं जवळजवळ चालतच नाही. काम उरकत नाही, म्हणून नुसती थांबून राहतात."

"कारागीर हजर, कात्री बोथट."

"हो."

"धार?"

"आज तरी लावता येत नाही."

तिने मान खाली घातली. "मग माझं उत्तर ठरलं."

"मी तुमच्या पेशींना विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलं होतं."

"मी तुमच्या आधी जाईन... कदाचित खूप आधी."

"माहीत आहे. मीच तपासलंय ना."

त्याचा आवाज फाटला. त्याने तोंड फिरवलं नाही. तिने उन्हासाठी घातलेला हातमोजा काढला, डागाळलेला हात त्याच्या हातावर ठेवला, आणि दाराकडे बघून हाक मारली—

"मावशी, आत ये. यांना हो म्हणतेय, तुझ्यासमोर म्हणते."