गोल पिनचा कीबोर्ड

मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. सार्वजनिक वाचनालयाच्या संगणक-कक्षात चोवीस संगणक होते आणि चोवीसही बंद होते. त्यांतल्या एकाच्या पोटात डोके खुपसून ग्रंथपाल बसला होता. त्यामुळे मावशीची दोन पुस्तके परत करायला आलेल्या तिला प्रथम दिसली ती त्याची पाठ, आणि खांद्यावर साचलेली धूळ.

“पुस्तकं कुठे ठेवू?”

“टेबलावर... आणि जमलं तर ही बॅटरी जरा धरता?”

तिने बॅटरी धरली. “झालंय काय यांना?”

“जुनी सिस्टीम आता सुरक्षित नाही म्हणतात. नवी चढवली की यंत्र धापा टाकतं. सतराला तपासणी आहे. तोवर चालू झाले तर ठीक. नाहीतर चोवीसही भंगारात, खोलीला कुलूप, आणि माझी बदली – इथून चारशे किलोमीटर.”

हे तो हसत म्हणाला. पण बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे हसत नव्हते.

“यंत्रं धडधाकट आहेत,” ती म्हणाली. “तयार कपडे घेतलेत म्हणून अंगाला बसत नाहीत. मापाने शिवावे लागतील.”

“शिंपी कुठे मिळेल?”

“बॅटरी धरून उभा आहे.”

ती पेशाने अभियंता होती. लहान लहान यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करणे, हेच तिचे रोजचे काम. अशा एका सिस्टीमचा सोर्स कोड, म्हणजे तिची मूळ संहिता, सर्वांसाठी खुली असते. ती घ्यायची, नको ते वगळायचे, हवे तेवढेच ठेवून नव्याने बांधायचे. मात्र बांधणीआधी ती सिस्टीम शेकडो प्रश्न विचारते : हा भाग हवा, की नको?

दुसऱ्या दिवसापासून ती कार्यालय सुटल्यावर साडेपाचला येऊ लागली. वाचनालय सातला बंद होई. तेवढ्या वेळात ती एकेक प्रश्न वाची आणि तो शेजारच्या खुर्चीवरून उत्तर देई.

“जॉयस्टिक, खेळायची दांडी?”

“नको. इथे रोज येणारे आजोबा वर्तमानपत्राच्या पानावरून भांडतात, तेवढा खेळ पुरे.”

“कॅमेरा?”

“तो ठेवा. मधल्या रांगेत एक आजी बसतात, शुक्रवारी नातीशी बोलतात. त्या दिवशी केस नीट विंचरून येतात.”

तिने ‘हवा’ लिहिले. असल्या प्रश्नांची उत्तरे तिने आयुष्यात हजारो वेळा दिली होती. उत्तरामागे माणूस बसलेला मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

तेराव्या तारखेला मावशीचा फोन आला.

“दोन पुस्तकं परत करायला पाठवलं होतं गं तुला. नऊ दिवस झाले! पुस्तकं जमा केलीस, की तूच जमा झालीस तिथे?”

“काम आहे गं, मावशी.”

“असू दे, असू दे. कामाचं नाव काय?”

“ग्रंथपाल आहेत ते.”

“मी नाव विचारलं, बाई. हुद्दा नव्हे!”

शनिवारी, पंधरा तारखेला, पहिल्या संगणकावर नवी सिस्टीम चढली. अवघ्या एकोणीस सेकंदांत पडदा उजळला. तिने आपल्या पिशवीतला कीबोर्ड जोडून सारे तपासले, आणि स्वयंपाक झाल्यावर ओटा पुसावा तसा लॅपटॉपवरचा बांधणीचा सगळा पसारा पुसून टाकला. ही तिची जुनी शिस्त.

सोमवारी ती रजा घेऊन, उरलेल्या तेवीसांवर सिस्टीम चढवायला सकाळी दहालाच आली. त्या संगणकाला आता वाचनालयाचा कीबोर्ड जोडला होता. ग्रंथपाल ऐटीत बसला, आपले नाव टाइप करू लागला... आणि पडद्यावर एकही अक्षर उमटेना.

तिने आपला कीबोर्ड जोडला. चालला. त्याचा जोडला. नाही.

वाचनालयाचे कीबोर्ड जुने होते, गोल पिनचे; तिचा नवा, चपट्या पिनचा. तिने उत्तरांची यादी उघडली. गोल पिनचा कीबोर्ड : नको.

“नवे चोवीस कीबोर्ड आणले तर?” ती म्हणाली.

“मंजुरीला तीन महिने लागतात. तपासनीस साडेतीनला येणार.”

“मग पहिल्यापासून बांधायला हवं. मी सगळं पुसून टाकलंय हो... लॅपटॉपला सहा तास लागतील.”

तो सावकाश म्हणाला, “हजार नवी पुस्तकं आली, तर त्यांची कार्डं मी एकटा लिहीत नाही. प्रत्येक टेबलावरच्या वाचकांना चाळीस-चाळीस वाटून देतो. तुम्ही त्या बिचाऱ्या लॅपटॉपला एकट्यालाच का राबवता?”

“म्हणजे... ही यंत्रं? मंद आहेत ती.”

“मंद आहेत. पण जुनी सिस्टीम अजून तेवीसांवर आहे, आणि त्यांचे कीबोर्ड चालतात.”

ती ताडकन उठली. पेनड्राइव्ह घेऊन ती रांगेतून फिरू लागली, तो मागोमाग वायरी जोडू लागला. बारा वाजता कामाचे तुकडे वाटले गेले आणि तेवीस पंखे एकदम घुमू लागले. खोली भट्टीसारखी तापली. त्याने खिडक्या उघडल्या. आता वाट पाहण्यावाचून काही उरले नव्हते.

“एक विचारू?” तो म्हणाला. “इतकं चोख काम तुमचं. मग गोल पिनला ‘नको’ कसं झालं?”

“यादीत वेळ नोंदलेली असते. गुरुवार, सहा वाजून बारा मिनिटं.”

“तेव्हा काय झालं होतं?”

“तुम्ही शिडीवर होतात. बाह्या दुमडून वरचं पुस्तक काढत होतात... आणि गुणगुणत होतात. बेसूर.”

“बेसूर?”

“फार. मी स्क्रीनकडे पाहतच नव्हते.”

तो कानांपर्यंत लाल झाला.

“पहिल्या दिवशी यंत्रांसाठी थांबले,” ती खाली पाहत म्हणाली. “नंतर... तुमची बदली होऊ नये म्हणून येत होते. आणि आज माझ्याच हाताने–”

“थांबा!” तो ओरडला. पडद्यावरच्या ओळी थबकल्या होत्या. तो वाकून रांगेखाली शिरला, एक सैल वायर दाबून बसवली, आणि ओळी पुन्हा धावू लागल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत जाळे होते. ते काढायला तिचा हात आपसूक पुढे गेला, आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

दोन वाजून पाच मिनिटांनी बांधणी पूर्ण झाली. तीन वाजून वीस मिनिटांनी शेवटच्या संगणकावर, गोल पिनच्या कीबोर्डने, त्याने आपले नाव उमटवले.

तपासनीस एका बोटाने टाइप करणारे गृहस्थ होते. प्रत्येक संगणकासमोर बसून त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले, तेही वडिलांच्या नावासह. शेवटी चष्मा काढला.

“चोवीसही चालू. छान. बदलीचा प्रस्ताव मागे घेतो. फक्त खिडक्यांचे पडदे धुऊन घ्या हो, फार मळलेत.”

दार लागले आणि दोघांचा जीव भांड्यात पडला. तो भिंतीला टेकून थेट जमिनीवर बसला आणि हसत सुटला. ‘पडदे!’ एवढेच त्याला म्हणता येत होते. तीही शेजारी बसली, डोळ्यांतले पाणी पुसत, हसण्याचे कोणते आणि सुटकेचे कोणते, हे न कळून.

“काम संपलं,” जरा वेळाने ती म्हणाली. “आता उद्या मी कशाला येऊ?”

“साडेपाच वाजले की मी दाराकडे बघतो, हे सगळ्या वाचकांना कळून चुकलंय. शनिवारी तुम्हाला दहा मिनिटं उशीर झाला, तर आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, ‘बसा हो, येतील त्या.’”

“आणि तुम्ही?”

“मी कसला बसतो! चार फेऱ्या मारल्या.” त्याने तिच्याकडे वळून पाहिले. “मला तुम्ही फार आवडता. उद्या काही काम नसताना या. परवाही. मग मला ‘अरे’ म्हणा, म्हणजे मलाही ‘अगं’ म्हणायचा धीर येईल.”

“येईन,” ती म्हणाली. थोडे थांबून, अगदी हळू म्हणाली, “येईन रे.”

त्याने तिचा हात हातात घेतला. काउंटरवर कोणीतरी पुस्तक घेऊन दोनदा खाकरले, आणि तो नाइलाजाने उठून गेला. पण सातला शेवटचा वाचक बाहेर पडताच परत आला.

त्या दिवशी वाचनालय पंचेचाळीस मिनिटे उशिरा बंद झाले.