रुबीनाआज्जीची चौथी ओळ

अकरा जणांनी एकच चाल वाजवली. सात जणांनी शेवटचा सूर एक लावला, चार जणांनी दुसराच. मग खरा सूर कोणता?

सातवीतल्या तन्मयी आरवाडेला हा प्रश्न शनिवारी सकाळी पडला, आणि उत्तर मंगळवारी अकराच्या आत हवं होतं. कारण मंगळवारी अकरा वाजता रुबीनाआज्जीच्या कानातलं नवं यंत्र सुरू होणार होतं.

रुबीना सतारमेकर म्हणजे तन्मयीच्या आज्जाची कॉलेजपासूनची मैत्रीण. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या घरातली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, म्हणजे २०२२ साली, या दोघांनी फोनवर खेळायचा एक छोटा गेम तयार केला होता. त्याचं नाव ‘नावाडी’. एक नावाडी नदीतले भोवरे चुकवत माणसांना पैलतीरी नेतो, एवढीच गोष्ट. आज्जानं प्रोग्रॅम लिहिला आणि रुबीनाआज्जीनं चाल बांधली. चालही कशी, तर जुन्या गेमसारखी टुंग टुंग वाजणारी, चार ओळींची. गेम फार चालला नाही, पण चाल चालली! लोक ती शिटीवर वाजवू लागले, मग पेटीवर, गिटारवर आणि ढोलकीवर. तिचे रिमिक्स (मूळ चाल ओळखू येईल अशी ठेवून आपल्या पद्धतीनं केलेली नवी मांडणी) निघू लागले. ते ऐकायला आणि ऐकवायला इंटरनेटवर ‘नावाड्यांचा कट्टा’ जमला. आज कट्ट्यावर दोनशे चौदा रिमिक्स आहेत आणि त्यातला एक आपल्या तन्मयीचा आहे.

मात्र मूळ चाल कुणाकडेच उरली नव्हती. ‘नावाडी’ ज्या फोनवर चालायचा ते फोन केव्हाच भंगारात गेले. रुबीनाआज्जीचा संगणक एका पुरात बुडाला. आज्जाच्या कानातही आता रिमिक्सच बसले होते. आणि दहा वर्षांपूर्वी आजारपणात तिचे कानही गेले. तेव्हापासून समोरचा बोलला की त्याचे शब्द तिच्या चष्म्याच्या काचेवर उमटतात आणि ती ते वाचते. गाणं मात्र काचेवर उमटत नाही.

आता तिच्या कानात श्रवणरोपण झालं होतं (आवाजाचे विजेचे संदेश करून ते थेट ऐकण्याच्या नसेला पोहोचवणारं बारीक यंत्र). जुन्या काळी अशा यंत्रातून बोलणं कळायचं, पण संगीत पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाजायचं म्हणे. हे नवं यंत्र सुरांसाठीच बनवलेलं होतं.

“सगळ्यात आधी काय ऐकायचं?” असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा रुबीनाआज्जी पटकन म्हणाली, “माझी ‘नावाडी’. पण माझीच हं! लोकांनी मोडतोड केलेली नको. तीन ओळी मला येतात, चौथीचा शेवट काही केल्या आठवत नाही. लोकांचं इतकं ऐकलं, की माझंच पुसून गेलं बघा.”

तन्मयी शेजारीच बसली होती. ‘लोक’ म्हणजे आपणसुद्धा, हे तिच्या लक्षात आलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. तिथंच तिनं ठरवलं, की चौथी ओळ आपण शोधायचीच.

शोधायला मदतनीस होता टिपण्या. टिपण्या हा आरवाड्यांचा घरगुती रोबो. भाजी निवडतो, कपडे वाळत घालतो आणि छापील पुस्तकासारखं बोलतो. त्यानं दोनशे चौदा रिमिक्स अडीच मिनिटांत ऐकले. चौथी ओळ पूर्ण वाजवलेले अकराच निघाले. बाकीच्यांनी शेवटाला आपापलंच काहीतरी जोडून दिलं होतं.

“सात जण ‘ग, रे’ वाजवून वर पंचमावर, म्हणजे ‘प’वर थांबतात,” टिपण्या म्हणाला. “चार जण ‘ग, रे’ वाजवून खाली खर्जातल्या ‘सा’वर उतरतात. सात हे चारांपेक्षा अधिक आहेत. सबब, खरा सूर ‘प’. मी आता मेथी निवडू का?”

खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातले घुमणारे सूर. तन्मयीच्या रिमिक्समध्येही ‘प’च होता. तिला मनातून बरं वाटलं. पण आज्जा हसला.

“थांब की टिपण्या. मेथी कुठं पळून जात नाही. तनू, तुमच्या वर्गात मागं काय झालं होतं गं, सरबताचं?”

तन्मयीलाही हसू फुटलं. चाचणीत प्रश्न होता, ‘चंद्रावर पाणी कोणत्या रूपात आढळते?’ उत्तर होतं, ‘बर्फ’. मागच्या बाकावरच्या पाच जणांनी लिहिलं होतं, ‘सरबत’.

“बाईंनी काय ओळखलं?”

“एकानं चेष्टेनं लिहिलं आणि चौघांनी बघून उतरवलं. त्यात ओळखायचं काय, आज्जा? पाच जणांना वेगवेगळं बसून सरबत कसं सुचेल?”

“आणि तीस जणांनी ‘बर्फ’ लिहिलं, त्यांच्यावर का नाही संशय घेतला?”

तन्मयी विचार करत म्हणाली, “कारण बरोबर उत्तर प्रत्येकाला आपलं आपलं येऊ शकतं. पण अशी विचित्र चूक सगळ्यांची सारखी असेल, तर ती एकाच ठिकाणाहून आलेली असणार.”

“शाबास! आता अजून एक सांग. त्या पाच जणांची मतं किती धरायची?”

“एकच. सरबताचं मत एकच.”

आज्जा खूश झाला की हातवारे करून बोलतो. “छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातानं उतरवायचे. एखाद्याकडून एक ओळ गळली, की त्याच्या पोथीवरनं उतरवणाऱ्या सगळ्यांकडून तीच ओळ गळणार. म्हणून अभ्यासक नुसत्या पोथ्या मोजत बसत नाहीत. ते पाठभेद बघतात (एकाच मजकुराच्या निरनिराळ्या प्रतींमधले फरक). सारख्या चुका शोधायच्या आणि त्यावरनं कुठली पोथी कुठल्या पोथीची लेक, कुठली नात, ते ठरवायचं. पोथ्यांची वंशावळच म्हण की!”

“मग चालींची पण वंशावळ निघेल,” तन्मयी म्हणाली. “टिपण्या, त्या सात जणांत अजून काही सारखं आहे का? पहिल्या तीन ओळींत?”

टिपण्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. “आहे. दुसऱ्या ओळीत तिसऱ्या सुरानंतर अर्ध्या मात्रेचा थांबा आहे. सातही जणांत आहे. चारांपैकी एकातही नाही.”

तन्मयीचे कान लाल झाले. तो थांबा तर तिचा लाडका होता! नावाड्यानं वल्हं क्षणभर उचलून धरलं असावं, असा. तिनं तिथं पाण्याचा आवाजसुद्धा घातला होता. रुबीनाआज्जीनं किती विचार करून ही जागा ठेवली असेल, असं कट्ट्यावर तिनंच लिहिलं होतं. त्यावर कौतुकाचा पाऊस पडला होता.

“तू कुणावरनं शिकलीस?” आज्जानं विचारलं.

आता इथं कट्ट्याची एक रीत सांगायला हवी. प्रत्येक रिमिक्सच्या खाली पहिली ओळ ठरलेली असते: ‘मूळ चाल : रुबीना सतारमेकर’. त्याखाली दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं नाही, असा नियम नव्हता. पण लिहीत कुणीच नसे. मधल्याचं नाव घातलं तर मूळ बाईंचा मान कमी होईल, असं सगळ्यांना वाटायचं. शिवाय आपण थेट मुळावरून केलं असं दिसावं, ही थोडी हौसही होतीच.

“पाणकोंबडीवरून,” तन्मयी हळूच म्हणाली. पाणकोंबडी हे कट्ट्यावरच्या एका जुन्या माणसाचं टोपणनाव. त्याचा रिमिक्स २०३१ सालचा. “मूळ चाल मी कधी ऐकलेलीच नाही, आज्जा. पण खाली नाव फक्त रुबीनाआज्जीचं लिहिलं.”

“मग आता?”

आता काय, ते तिला कळत होतं. तासभर ती घरात नुसतीच येरझारा घालत राहिली. आपलं हसं होईल, याची तिला खरोखर भीती वाटत होती. मग मंगळवार आठवला आणि तिनं कट्ट्यावर लिहून टाकलं: ‘मी मुळावरून शिकले नाही. पाणकोंबडी यांच्या रिमिक्सवरून शिकले. तो सुंदर थांबाही त्यांचाच. माझ्यासारखं आणखी कुणी आहे का? रुबीनाआज्जीसाठी विचारतेय.’

कुणीही हसलं नाही. संध्याकाळपर्यंत मालवणहून एक, बेळगावहून दोन, नैरोबीहून एक आणि नागपूरहून एक, अशी पाच उत्तरं आली. सगळ्यांचा सूर एकच, ‘मीसुद्धा, पण सांगायला लाज वाटत होती’. रविवारी खुद्द पाणकोंबडी उगवली! ते निघाले चिपळूणचे एक काका, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे. त्यांनी लिहिलं होतं, ‘आतेभावाच्या जुन्या फोनवर गेम होता. त्याचा स्पीकर नखाएवढा. ऐकत ऐकत कीबोर्डवर बसवलं. आणि त्या थांब्याचं म्हणाल, तर तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली, म्हणून बोट उचललं गेलं. ते तसंच राहिलं. छत्तीस वर्षं तुम्ही त्याला सुंदर म्हणताय, हे वाचून ऊर भरून आला.’

आज्जा इतका हसला की टिपण्यानं त्याला पाणी आणून दिलं.

“तर सात विरुद्ध चार नाही,” तन्मयीनं वहीत झाड काढलं. वर रुबीनाआज्जी. तिच्यापासून एक फांदी पाणकोंबडीकडे आणि त्या फांदीला सहा डहाळ्या. “एक विरुद्ध चार.”

“ते चार तरी एकमेकांवरून उतरवलेले नसतील कशावरून?” टिपण्यानं विचारलं. रोबो असला तरी तो आता शिकत होता.

त्यांनी तेही तपासलं. चौघांच्याही चुका होत्या, पण प्रत्येकाच्या निराळ्या. एकाची तिसरी ओळ घाईत होती, एकीनं एक सूर गाळला होता. सारखी चूक एकही नव्हती. शिवाय त्यातले दोन रिमिक्स गेम निघाला त्याच वर्षीचे होते. चौघं एकमेकांना न विचारता ‘सा’वर पोहोचले होते.

मंगळवारी अकरा वाजता डॉक्टरीणबाईंनी यंत्र सुरू केलं. रुबीनाआज्जीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. तन्मयीनं स्वतः वाजवून भरलेली साधी चाल लावली, चारच ओळींची.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ग, रे, आणि खाली घुमणारा ‘सा’.

रुबीनाआज्जीचा हात मांडीवर आडवा फिरला, तंबोऱ्याची शेवटची तार छेडावी तसा.

“हीच,” ती म्हणाली. “अब्बा तंबोरा जुळवून झाला की खर्जाची तार वाजवायचे आणि मगच उठायचे. म्हणून मी शेवट तिथं केला होता. विसरलेच होते गं मी. अब्बांचं विसरले होते.” आणि ती रडू लागली. तन्मयीही रडली. आज्जानं खिडकीबाहेर बघत नाक पुसलं.

थोड्या वेळानं रुबीनाआज्जीनं डोळे कोरडे केले. “आता ती दुसरी लाव बघू. ‘प’वाली.”

तन्मयीनं आधी काकांच्या नखाएवढ्या स्पीकरची आणि सात-चारांच्या शोधाची गोष्ट सांगितली आणि मग भीत भीत पाणकोंबडीचा रिमिक्स लावला. रुबीनाआज्जी कान देऊन ऐकत राहिली. तिचा चेहरा पडला नाही, उलट तिचे डोळे चमकले.

“स्पीकर नखाएवढा होता म्हणालीस न्हवं? मग बरोबर हाय! अगं, कुठलाबी सूर एकटा नसतो. ‘सा’ वाजला की त्याच्या पोटात बारीक बारीक वरचे सूर वाजत असतात.”

“स्वयंभू स्वर,” आज्जा पुटपुटला (एका सुरातून आपोआप निघणारे वरचे सूर).

“व्हय. त्यात पंचम चांगला ठळक असतो, तंबोऱ्यात तर ऐकूच येतो. एवढ्याशा स्पीकरातनं खर्ज कसला निघतोय! ‘सा’ आतच राहिला आणि त्याच्या पोटातला पंचम तेवढा बाहेर आला. तो त्या पोरानं ऐकला. मी म्हणत होते, लोकांनी मोडतोड केली. पण त्याला जेवढं ऐकू आलं, तेवढं त्यानं जीव लावून जपलं. कमी ऐकू येणाऱ्याला मी नावं ठेवावीत व्हय?”

तन्मयीनं जोरात मान हलवून ‘नाही’ म्हटलं.

“आणि ही चौघं नसती, ते सात जण नसते, तू नसतीस, तर आज मला अब्बांची तार कुणी दिली असती? सगळ्यांनी आपापला तुकडा सांभाळला म्हणून घावली.” तिनं तन्मयीचा हात धरला. “कट्ट्यावर किती आहेत म्हणालीस?”

“दोनशे चौदा.”

“आज अर्धा तास पुरे,” डॉक्टरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. “नसेला सवय होऊ द्या. रोज थोडं थोडं ऐका.”

“ऐकते की. आता मला काय घाई हाय!” रुबीनाआज्जी खुर्चीत नीट सावरून बसली आणि तिनं डोळे मिटले. “अजून दहा मिनिटं आहेत. तुझी लाव, पोरी.”