तांबडी पट्टी

जपानमधल्या सुवाच्या तळ्यावर बर्फ धरला होता. दुपारचे बारा वाजले होते आणि इकुए मोमोसेच्या माडीवर डोळे दिपतील इतका उजेड होता. इकुएने चाळीस वर्षं कारखान्यात कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे काटे जुळवले होते. आता एकाहत्तराव्या वर्षी तेच काम ती घरी करायची. तिच्या हातून चुकलेला काटा कधी बाहेर गेला नव्हता, आणि हे ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

सेंजी याजिमा त्या दिवशी आईला सोबत घेऊनच आला. आठवड्यात दुसऱ्यांदा.

"बाई, पुन्हा तेच. आईसमोर धरला की तांबडी पट्टी."

कॅमेरा त्याच्या वडिलांचा, मुठीत मावेल एवढा. भिंगाभोवती काचेच्या बारीक मण्यांचं कडं, त्याखाली उजेडावर चालणारी चकती, म्हणजे सेलची भानगड नाही. उजेड कमी पडला की काटा पडतो, आत तांबडी पट्टी वर येते आणि बटण अडतं. त्याच्या आईचं, तोमेआजींचं, दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. अंत्यविधीला मांडायचा फोटो माणसाने आपल्या हयातीतच काढून ठेवावा, अशी रीत. पण आजींना तो नवऱ्याच्याच कॅमेऱ्याने हवा होता.

"मोबाइलमध्ये मी वाळल्या मुळ्यासारखी दिसते," आजी म्हणाल्या.

"आई, तू दिसतेसच तशी."

"तुझ्या बापाला मुळा आवडायचा. तू गप्प बैस."

इकुएने कॅमेरा कसोटीच्या दिव्यासमोर धरला. काटा बिनचूक. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर धरला, बिनचूक. सेंजीवर धरला, काटा टुणकन वर.

"आजी, बसा खुर्चीत."

आजी बसल्या. त्यांच्या पांढऱ्या केसांवर ऊन पडलं होतं. इकुएने कॅमेरा वळवला आणि काटा खाली आला. हळू नाही, हातातून वस्तू सुटावी तसा. तांबडी पट्टी.

खाली तळ्यावरचा बर्फ कुठेतरी लांब कण्हला.

कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की काटा दिव्याला जुळवायचा, समोरच्या माणसाला कधीच नाही. इकुएने हे शेकडो पोरींना दटावून शिकवलं होतं. पण दिवा तर बरोबर सांगत होता, आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तिने वरचं झाकण काढलं, कॅमेरा आजींवर रोखून टेबलावर ठेवला आणि बारीक पेचकसाने काट्याचा स्क्रू फिरवायला लागली. एक वेढा. दीड. काटा थरथरला… वर आला.

"हं! आला की नाही वठणीवर?"

"बाई," सेंजी मागून म्हणाला, "अंधारून आलं का हो?"

उन्हाने भिंत पेटल्यासारखी दिसत होती.

"दिवा लावा ना… मला तुमचं टेबल दिसत नाहीये."

इकुएने वळून पाहिलं. तो उभा होता, पण ओठ जांभळे पडले होते आणि कपाळावर घाम होता. तिने कॅमेरा त्याच्यावर धरला. काटा पडला. तांबडी पट्टी.

आजी खुर्चीतून उठल्या. काठी न घेता.

"परत फिरव तो."

"आजी, फिरवला तर तुमच्यावर…"

"मला कळतं! मी अठ्ठ्याऐंशीची, तो बावन्नचा. हिशोब करायला बसू नकोस. फिरव!"

पेचकस खाचेतून दोनदा निसटला. माडीवर ओल्या राखेसारखा वास भरला होता. सेंजी भिंतीला टेकून खाली घसरत होता. त्याचा श्वास करवतीसारखा ऐकू येत होता. इकुएने स्क्रू उलटा फिरवला. अर्धा वेढा. काटा हलला. आता सरळ जुन्या खुणेपर्यंत न्यायचा, झालं. पण तिचा हात थांबला. एकाला उजेड द्यायचा तर दुसऱ्याचा काढायचा? असलं काम तिने कधी केलं नव्हतं. दोघांनाही पुरेल अशी जागा असणारच, आणि ती सापडणार नसेल तर चाळीस वर्षं काय झक मारली?

केसभर मागे. केसभर पुढे. श्वास रोखून.

"दिसतंय…" सेंजी पुटपुटला. "बाई, दिसतंय."

तिने त्याच्यावर धरला. काटा वर. मग आजींवर धरला. काटा वर! तिने लगेच झाकण बसवलं, आजींना खुर्चीत ढकललंच, आणि बटण दाबलं. खट्ट. स्वच्छ आवाज.

"म्हटलं नव्हतं? माझा काटा चुकत नाही!"

सेंजी खुळ्यासारखा हसला. आजी हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, कॅमेरा घेतला, फिल्म पुढे सरकवली, तो डोळ्याला लावला आणि इकुएवर रोखला.

"माझा कशाला? मी काय मुळा आहे?" इकुएने केस मात्र सारखे केले.

आजींनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खट्ट असा आवाज आला नाही.

त्यांनी कॅमेरा हळूच खाली घेतला. मग कमरेतून वाकल्या, खूप खोल, गिऱ्हाईक कारागिरापुढे वाकत नाही इतक्या खोल, आणि तशाच थोडा वेळ राहिल्या.

"बाई," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमचा एखादा चांगला फोटो… काढून ठेवलाय ना?"