बाटलीवरची रेघ

प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात एकाच बरणीला दोन हात लागले आणि आतला बेडूक डुचमळला.

"सावकाश... आमचे काका आहेत ते," शिडीवरचा लांबुळका मुलगा गंभीरपणे म्हणाला.

ती हसली आणि तिथेच फसली. सहा महिन्यांपूर्वीची ही गोष्ट.

तेव्हापासून तो उंट आणि ती बाईसाहेब. बरण्यांतलं स्पिरिट उडून गेलं की मोठ्या बाटलीतून भर घालायचं काम या दोन विद्यार्थ्यांकडे होतं. रोज संध्याकाळी ती बाटलीवर पेन्सिलीने पातळीची रेघ ओढायची.

पहिल्या परीक्षेत उंट आपटला आणि रेघेचं पातळीशी जमेनासं झालं. सकाळी पाहावं तर पातळी बोटभर खाली. उंटाच्या तोंडाला सदा पेपरमिंटचा वास. तास बुडायला लागले. बोलता बोलता मधेच हरवायचा आणि विचारलं तर, "काही नाही गं... झोप नाही झाली." आणि आपल्या बाईसाहेब काय करायच्या? जुनी रेघ खोडून खाली नवी ओढायच्या. अक्कल पार गहाण टाकली होती, दुसरं काय.

आज सकाळी प्रयोगशाळेच्या मामांनी नवी बाटली आणून ठेवली. "शुद्ध स्पिरिट बंद झालं. यात विष मिसळलेलं असतं, जपून हाताळा," असं तिला बजावून ते गेले.

ती जेवून आली तर बाटली बोटभर रिकामी. ती तशीच त्याला शोधत धावत सुटली.

उंट मागच्या जिन्यात सापडला. मांडीवर त्याची पाण्याची बाटली.

"काय आहे त्यात?"

"पाणी, बाईसाहेब."

"प्यायलास?"

"अजून नाही..."

"मग मला दे. धावून घसा सुकलाय."

तो काही बोलायच्या आत तिने बाटली हिसकली, झाकण उडवलं आणि तोंडाकडे नेली. आता तरी हा खरं बोलेल, एवढाच तिचा हिशोब होता.

त्याचा हात सणकन आला. बाटली पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली.

"वेडी आहेस का? विष आहे त्यात!"

त्याला हे ठाऊक नसेल, सावध करावं म्हणून तर ती धावत आली होती.

"तुला... माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"सकाळी उठावंसंच वाटत नाही गं," तो म्हणाला. "प्यायलो की जरा बरं वाटायचं. मग तेही वाटेना. दादा गावभर सांगत फिरतो, आमचा साहेब शिकतोय..."

"पिण्याचं मला ठाऊक होतं. मी रेघा खाली ओढत होते."

"का?"

"तू पकडला जाऊ नयेस म्हणून. आवडतोस म्हणून... मूर्खा." तिचे डोळे भरून आले. "चुकलं माझं. आता एकही ओढणार नाही."

"हे सांगायला हीच वेळ मिळाली तुला?"

"दुसरी तू ठेवतच नव्हतास."

तो हसायला गेला आणि रडला. तिने त्याला रडू दिलं. मग स्वतः फोन लावून त्याच्या कानाशी धरला.

"दादा..."

"कुठे आहेस? आलोच मी," पलीकडून आवाज आला. दुसरं काही विचारलंच नाही.

विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तो तासभर होता. दादा त्याच्यासोबत आत. ती बाहेरच्या बाकावर, एक क्षणही न हलता. दार उघडलं तेव्हा उंटाचे डोळे सुजले होते.

"आठवडाभर दादाकडे राहायचं. मग परत इथे, दर मंगळवारी." तो घुटमळला. "आणि... रेघ?"

"पातळी आहे तिथेच. मामांना आत्ताच फोन करून सगळं सांगितलं."

त्याचा चेहरा पडला. मग खांदे सैल सोडून तो म्हणाला, "बरं केलंस. आता बरणीला काही हात लावू देणार नाहीत मला."

"नाहीच देणार," ती म्हणाली आणि तिने आपला हात पुढे केला. "हा चालेल?"