श्रावणातली मांदेली

बादलीत पाणी, पाण्यात किलोभर मीठ आणि त्यात ओलाचिंब बसवलेला पक्षी... इराने कपाळावर हात मारला.

"समुद्रातला पक्षी वाटला, म्हणून... समुद्र केला," अवधूत ओशाळून म्हणाला.

अवधूतचं बदलापूर स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वादळी वाऱ्यात भरकटलेला हा पाहुणा सकाळी मांजर्लीतल्या त्याच्या गच्चीवर कोसळला, आणि कुणीतरी दिलेल्या नंबरवरून अंबरनाथची ही पक्षीवाली मुलगी धावत आली होती.

"अहो, हा सुरय. याचे पंख भिजले की संपलं! हा उडता उडता पाण्यावरचा मासा टिपतो." ओढणीने पक्ष्याला पुसत तिने विचारलं, "बरा होईपर्यंत इथेच राहू दे. छोटे मासे आणाल?"

आता आली पंचाईत. श्रावण चालू, घरात कांदालसूणही वर्ज्य! अवधूतने बर्फाच्या डब्यात मांदेली लपवून आणली आणि दुकानातल्या बारीक चिमट्याने भरवायला घेतली. दुसऱ्याच दिवशी आईला वास आला.

"श्रावणात मासळी? लाज वाटते का?"

"आई, पाखराला कुठला गं श्रावण?"

आईने पाखराकडे पाहिलं. "मग गॅलरीत जेवू दे म्हणावं त्याला," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

इरा रोज कामावरून सुटली की यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. अवधूतचे प्रश्न मात्र संपत नसत.

"घरटं कुठे बांधतो हा?"

"बांधतच नाही. बेटावर, खडकाच्या कपारीत एकच अंडं. दोघं आळीपाळीने उबवतात."

"आणि त्या दोघांचं जमतं कसं?"

"नर मासा आणून देतो. तिने घेतला, तर..." इरा थांबली. चिमट्यातली मांदेली तशीच लटकत राहिली आणि दोघंही भलतीकडेच बघू लागले.

आठव्या दिवशी सकाळी सुरय खोलीभर उडाला. अवधूत खिडकी लावायला धावला. पाखरू गेलं, की इरा कशाला येईल? संध्याकाळी इरा यायच्या आत त्याने पाखरू खोक्यात ठेवलं. "अजून... अशक्तच आहे," तो म्हणाला. असे तीन दिवस काढले. मन खात होतं. चौथ्या दिवशी त्यालाच राहवेना. "सोडू या त्याला," म्हणाला आणि स्कूटर काढली. खोका मांडीवर घेऊन इरा मागे बसली.

दोन-अडीच तासांनी समुद्रावर पोहोचून झाकण उघडलं. सुरयाने क्षणभर वाऱ्याचा अंदाज घेतला... आणि निघाला. वळूनही पाहिलं नाही पठ्ठ्याने!

"मी खोटं बोललो," अवधूत एका दमात म्हणाला. "तीन दिवस झाले, उडत होता तो. तू यायची थांबशील म्हणून लपवलं. चुकलंच माझं. हवं तेवढं रागव, पण... आवडतेस तू मला."

इरा समुद्राकडेच बघत होती. "तू 'अशक्त आहे' म्हणालास ना, त्या पहिल्याच संध्याकाळी पडद्याच्या दांडीवरची त्याची शीट मी पाहिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"पंखांत जोर यायला त्याला दोन दिवस हवेच होते." तिने ओठ दाबून हसू आवरलं. "तिसरा दिवस... मी माझ्यासाठी ठेवला."