घागर वर आली

"ओ काटेवाले, डोळे कुठं हायेत तुमचे? काट्यावर का माझ्यावर?"

कालिंदा अशी कडाडली की रांगेतले समदे मागं वळले. छावणीत येऊन तिला अजून तास झाला नव्हता. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून वडवणीजवळच्या माळावर दूध सोसायटीनं गुरांची छावणी घातली होती. आसपासची माणसं जनावरं घेऊन तिथंच ताडपत्रीखाली राहायला आलेली. बाप रामकिसन, दोन म्हशी, एक गाय आणि एकोणीस वर्षांची कालिंदा, एवढंच त्यांचं बिऱ्हाड. ती चारा घ्यायला उभी, आणि तोलणारं पोरगं टक लावून तिच्याकडंच बघत होतं.

"डोळे काट्यावरच हायेत," तो म्हणाला. "पर काटा गप बसतो. तुमी बसत न्हाईत."

"तीन जनावरं हायेत आमची. पंचेचाळीस किलो पायजे. हे चाळीस बी न्हाई."

त्यानं मोळी पुन्हा काट्यावर टाकली. एकोणचाळीस! पोरगं कानापर्यंत लाल झालं. त्यानं राहिलेला ऊस टाकला, अन् वर हिरव्या वाढ्याची, उसाच्या शेंड्यांची, एक पेंडी.

"ही कावून?"

"चुकलं म्हणून."

"चुकले तुमी, अन् खानार माझी म्हैस?" तिनं पेंडी परत फेकली. "नाव काय तुमचं?"

"बंकट."

कालिंदाला हसू आवरेना. "एवढ्याशा मानसाला म्हाताऱ्याचं नाव?"

"आज्याचं हाय. त्यो गेला अन् नाव माझ्या गळ्यात मारून गेला."

मग हे रोजचंच झालं. ती चाऱ्याला जायची, भांडून यायची. शेजारच्या पालातली भिवराबाई गालात हसायची. "काय गं, चारा आनायला जाती का भांडायला?"

"भांडल्याबिगर मिळत न्हाई, मावशी."

"मंग येनी कावून घालती रोज नवी?"

कालिंदा फणकारली... पण दुसऱ्या दिवशीही वेणी नवीच होती.

तिची नजर मोठी तिखट. एक गोष्ट तिनं हेरली. कुणाच्या मोबाइलवर, कुठल्या ट्रॅक्टरवर 'हळू उतर गं बाई' हे गाणं लागलं की बंकट हातातली मोळी टाकून पाण्याच्या टाकीमागं निघून जायचा. गाणं संपलं की यायचा. डोळे लाल.

गाणं तर पार जिल्हाभर वाजत होतं. वरातीत, हळदीत, जत्रेत. डीजेवाल्यांनी त्याला असा ढोल लावला होता की म्हातारी माणसंसुद्धा ठेका धरायची –

*हळू उतर गं बाई, पानी लई खोल गेलं,*
*घागर वर आली, तुझं हसू खाली ऱ्हायलं...*

कालिंदाचा मात्र त्यावर कधी पाय उचलला नाही. ते गाणं तिनं जपून ठेवलं होतं, देवाचं जपावं तसं.

एक दिवस टळटळीत दुपारी ती गाईला पाण्यावर घेऊन गेली. टाकीमागं कुणीतरी हळू आवाजात म्हणत होतं. ढोल नाही, काही नाही. तेच गाणं... पण हे कडवं तिनं कुठंच ऐकलं नव्हतं.

*तुझी लाल रिबीन बाई, लिंबाला अडकली,*
*कुनी सोडीना तिला, मीबी न्हाई सोडली...*

बंकट होता. तिला बघून दचकला.

"हे कडवं कुनाच्याच मोबाइलच्या कार्डात न्हाई," ती म्हणाली. "तुला कसं ठावं?"

त्यानं टाकीला पाठ टेकली. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "छबू. माझी बहीन. चौदा वर्साची व्हती. आठ दिस टँकर आला नव्हता. तलवाड्याच्या बारवंत उतरून पानी आनायची पाळी माझी व्हती... अन् मी किरकेट खेळाया गेलतो. माझ्याजागी ती उतरली."

गाय पाणी पीत होती.

"तिच्या दहाव्याच्या दिशी तोंडातून आपसूक निघालं हे. चुलतभावानं मोबाइलात धरलं. कुनाकुनाला पाठवलं. अन् आता... माझ्या बहिनीवर नाचतेत लोक." त्यानं हातानंच तोंड पुसलं. "परवा पुन्याला चाललोय मी. मामानं कंपनीत लावून देतो म्हनलंय. हितं रोज मरती ती, रोज डीजेवर."

परवा! पण आधी तिला दुसरंच सांगायचं होतं.

"माझी आई उसाच्या फडात तापानं गेली. मला रडायलाच आलं न्हाई. वरीसभर. लोक म्हनले, पोरगी दगड हाय. मंग एका बाजारात, मोबाइलच्या दुकानात तुझं गानं लागलं... अन् मी स्टँडाच्या पायरीवर बसून एवढी रडले, एवढी रडले, की माझी गाडी निघून गेली. तवापासून शोधतीय, कोन हाय ह्यो मानूस. त्याला सांगायचं व्हतं, बाबा, तुझे लई उपकार."

"उपकार नको म्हनू. मी पान्याला गेलो असतो तर हे गानंच नसतं."

"अन् मी बी नसते," कालिंदा म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाला, "कुनाला सांगू नको."

"मी काय भोंगा हाय?"

परवाच्या दिवशीच भिवराबाईच्या लेकीचं लग्न होतं, छावणीतच. तेलगावहून वऱ्हाड आलं. बंकट पिशवी खांद्याला लावून सडकेवर गाडीची वाट बघत उभा. कालिंदा मांडवातून त्याच्याकडं बघत होती. एवढ्यात डीजेनं ढोल घातला – हळू उतर गं बाई...

पोरं नाचायला लागली. सडकेवर बंकटची मान खाली गेली.

कालिंदाचं डोकं फिरलं. ती तशीच धावली अन् डीजेची वायर उपटली.

"कोन हाय बे?" नवरदेवाचा भाऊ बिभीषण ओरडला.

"मी हाय."

"कावून बंद केलं?"

एक नाव घेतलं असतं तर ती सुटली असती. तिनं घेतलं नाही. "मला न्हाई आवडत ह्या गान्यावर नाचलेलं."

"तुला कोन इचारतंय?"

"कालिंदे, माफी माग!" रामकिसन ओरडला.

"न्हाई."

"माझ्या लेकीच्या लग्नात इघ्न घालती व्हय गं?" भिवराबाई रडवेली होऊन म्हणाली. ते मात्र लागलं. कालिंदाचे डोळे भरले, पण ओठ घट्ट मिटलेलेच.

"तिला बोलू नका."

बंकट मांडवात आला होता. "गानं माझं हाय. अन् गान्यातली ती... माझी बहीन व्हती."

तो खाली बसला अन् म्हणायला लागला. ढोलाबिगर. पहिल्यापासून, रिबिनीच्या कडव्यापर्यंत. नवरी रडली, करवल्या रडल्या, पुरणाचे हात घेऊन आचारी बाहेर आला.

बिभीषणानं फेटा काढून हातात घेतला. "भाऊ, चुकलं आमचं. पर एक सांगतो... आमची आक्का गेली, तवापासून आई रोज सांजच्याला हेच लावून बसती. दोन घास खाती ती, तुझ्यामुळं."

मग एकेक जण येत गेलं. कुणी म्हणालं माझा ल्योक, कुणी म्हणालं माझा धनी. कुणी नुसता त्याचा हात हातात धरला. बंकटला वाटत होतं, लोक छबूला तुडवतायत. लोकांनी तर तिला घरोघर सांभाळून ठेवलं होतं. तो प्रत्येकापुढं हात जोडत राहिला.

सडकेवर गाडी येऊन गेली.

"गाडी गेली," कालिंदा म्हणाली.

"बघितली."

"दुसरी चारला हाय."

"म्हाईत हाय." त्यानं पिशवी खांद्यावर सारखी केली. "जाऊ?"

"मी कावून सांगू? पाय तुझे..." आणि मग तिलाच तिचा राग आला. "न्हाई. नको जाऊ. मला तू पायजेस. म्हनले बघ. परत म्हननार न्हाई!"

बंकट ओल्या डोळ्यांनी हसला. असा मोकळा, की पंगतीतले दोघं-तिघं वळून बघायला लागले. तो सरळ रामकिसनपुढं जाऊन उभा राहिला.

"मामा... एक इचारायचं व्हतं."

रामकिसननं लेकीकडं बघितलं, पोराकडं बघितलं, अन् पोत्यावर जरा सरकून जागा केली.

"आधी बस, जेव. उपाशी मानसाला पोरगी देत न्हाई मी."