या जेवायला

कोल्हापुरात जेवताना समोर माणूस दिसला आणि तुम्ही 'या जेवायला' म्हटलं नाहीत, तर तुमच्या आईबापाचा उद्धार झालाच म्हणून समजा. समोरच्यानं 'होऊ द्या' म्हणायचं आणि आपण आपलं गिळायला लागायचं. खरोखर येऊन कुणी बसत नाही. उचगावच्या शाळेतल्या स्वप्नाली मॅडमनी आपल्या पाचवीतल्या लेकीला, तेजस्वीला, हे अगदी लहानपणीच शिकवलं होतं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

पाचवीची सहल शहरातल्या मध्ययुगीन इतिहासाच्या संग्रहालयात गेली, त्या दुपारी पाऊस नुसता झोडपत होता. अंगणात डबे खाण्याची सोय उरली नव्हती. पहारेकरी पिराजीमामा आधी कुरकुरले, मग म्हणाले, "बसा आतच. पर खरकटं सांडायचं न्हाय बघा."

दालनात ओल्या दगडाचा आणि तेल लावलेल्या लोखंडाचा वास कोंडला होता. भिंतीवर तलवारी, भाले. कोपऱ्यात लाकडी खांबावर चढवलेलं कड्यांचं चिलखत. मॅडम त्याच्यापाशी थांबून सांगू लागल्या, "गडाला वेढा पडला. दाणा संपला. बाकीचे खाली उतरले, हा शिपाई दरवाजा सोडून हलला नाही. तिथंच उपाशी गेला, त्याची चिमुरडी लेकही." मुलांनी ऐकलं आणि लगेच डबे उघडायला घेतले. मुलंच ती.

तेवढ्यात वीज गेली. आधी आरडाओरडा झाला, मग हशा, मग अंधारात नुसतं चावण्याचे आवाज.

"मामा, या जेवायला," मॅडम म्हणाल्या.

"होऊ द्या, होऊ द्या," दारातून पिराजीमामा म्हणाले.

कोपऱ्यातून तेजस्वीचा आवाज आला, "या जेवायला."

पोरगी चक्क चिलखताला बोलावत होती! मॅडमना हसू आलं. तरी सवयीनं त्यांचे कान उत्तराकडे लागले. 'होऊ द्या' कुणी म्हटलं नाही. फक्त लोखंडी कड्या एकमेकींवर घासल्यासारखं काहीतरी वाजलं... अगदी हळू.

दिवे आले तेव्हा तेजस्वीचा डबा लख्ख होता आणि ती रडवेली झाली होती. "आई, मला एक घास बी मिळाला न्हाय." कुणीतरी खोडी काढली असणार, असं म्हणून मॅडमनी आपली चपाती तिला दिली.

पण त्या दिवसापासून तेजस्वीचं पोट भरेना. भात वाढावा आणि ती हात धुऊन येईपर्यंत निम्मा गेलेला असायचा. उरलेल्याला चव नसायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, त्यानं काही झालं नाही. पोरगी डोळ्यांदेखत सुकत चालली. घरात दोघीच, तेजस्वीचे वडील नोकरीसाठी परगावी. मॅडमच्या जिवाला घोर लागला.

एका संध्याकाळी तेजस्वीनं ताट सरकवलं.

"आई, त्यांना जा म्हण की."

"कुणाला गं?"

"मी बोलावलेलं पावणं... मला न्हाय म्हणता येत. ताटावरनं कुणाला उठवायचं न्हाय, तूच म्हणतीस."

मॅडमना कोपऱ्यातलं ते चिलखत आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून संग्रहालयात गेल्या. दालन रिकामं होतं. सहलीच्या दिवशी पोटाशी सैल लोंबणारं ते चिलखत आता पोटाशी भरलेलं दिसत होतं. आत लाकडाचा खांबच होता, तरीही.

'चालता हो' असं सुनवायचं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण जिभेला आयुष्यभराचं वळण. पाहुण्याला तसं म्हणवेना. त्यांनी हात जोडले.

"पोर लहान हाय माझी... तिच्या ताटावरनं उठा. माझ्या ताटावर या जेवायला."

कड्या वाजल्या.

त्या संध्याकाळी तेजस्वीनं पोटभर आमटी-भात खाल्ला, वर मागून घेतला आणि ढेकर देऊन आतल्या खोलीत पळाली. मॅडमना रडूच फुटलं. मग डोळे पुसून त्यांनी आपलं ताट वाढलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

समोरच्या बाजूनं भात कमी होऊ लागला. त्यात जाड बोटांच्या खुणा उमटत होत्या. मॅडमनी ओढणीचा बोळा तोंडात धरला. खाऊ दे. काय खायचं ते माझं खाऊ दे. पोरगी वाचली, त्यांना एवढंच हवं होतं.

मग त्या खुणांच्या शेजारी भातात बारीक बोटं रुतली. तेजस्वीच्या बोटांहूनही बारीक.

जाड बोटं थांबली. उरलेला भात सगळा लहान हातालाच मिळाला. शेवटची शितं ताटाबाहेर पडली, मग फरशीवर, एकेक करत आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

मॅडम धडपडत उठल्या. आतून तेजस्वीचा आवाज आला, किती दिवसांनी हसरा.

"कुणाची गं तू?... ये की, ये खेळायला."